लाल रेघेच्या अलीकडे

३ मार्च

प्रिय दादा,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जोडतोस, म्हणून लिहिते. शिवाय हे बोलून सांगायची मला लाजही वाटते.

मी खाल्लं. थोडंथोडकं नाही. शनिवारी पोस्टमास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. तिचे सगळे कपडे मीच शिवलेले, म्हणून मला मानाने पुढच्या टेबलाशी नेऊन बसवलं. नुसतं सूप घेऊन उठायचं, असं घरून ठरवून निघाले होते. मग तळलेले बटाटे आले, खारवलेला मासा आला, तीन थरांचा केक आला. मी उठले ती सगळ्यांत शेवटी.

एका दिवसाचं असतं तर तुला लिहिलंही नसतं. रविवारी सकाळी तू दिलेल्या काट्यावर उभी राहिले. महिनाभर एक्क्याऐंशीवर असलेली सुई ब्याऐंशीच्या पुढे गेलेली. म्हटलं, झालं, नऊ महिन्यांची मेहनत पाण्यात. आणि पाण्यातच गेली तर आता जपायचं कशाला, म्हणून खालच्या बेकरीवालीकडून लोण्याचे पाव आणले. सोमवारी तेच. काल खारी बिस्किटं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तशी गत. आज सुई साडेत्र्याऐंशीवर आहे.

गुडघ्यांसाठी वजन उतरवायला निघालेली मी, आता जिना चढताना गुडघ्यांच्या आधी छातीच भरून येते. तू रागावशील. रागाव, पण काहीतरी लिही.

तुझी ठकू

८ मार्च

चि. ठकू, आधी आशीर्वाद, मग शिव्या.

शिव्या दिल्या असं समज. पुढे वाच.

तोल बिघडलेला काटा माझ्याकडे आला की मी त्याला हातोडीने बडवत नाही. स्वच्छ पुसतो, शून्यावर आणतो आणि चालू करतो. तूही तेच कर. काल खाल्लं ते काल. आज उपाशी राहून कालचं फेडायला जाऊ नकोस, कारण सकाळी उपाशी राहिलेलं माणूस संध्याकाळी दुप्पट खातं, हे मी स्वतःवरून सांगतो. नेहमीच्या वेळी नेहमीचं जेव. जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत चालून ये. भरपूर पाणी पी, तांब्यावर तांब्या, म्हणजे भुकेची आठवण राहत नाही. बेकरीवालीला सांग की तिने महिनाभर तुला पाव विकले तर मी तिच्या पिठाचा काटा दुरुस्त करणार नाही.

हे सगळं शहाण्णव किलोंचा माणूस सांगतो आहे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण तुझ्यामागे लागायला आता मीच उरलो. तुझी वहिनी असती तर एका डोळ्याने तुला गप्प बसवलं असतं. ती गेल्यापासून मला दवाखान्याचा वाससुद्धा सोसत नाही, तू मात्र ठणठणीत राहा.

एकविसाला रविवार आहे. येतो. काट्याला तेलपाणी करायचंच होतं.

तुझा दादा

११ मार्च

बाई,

तपासताना तुम्ही घाबरता आणि निम्मं विसरता, म्हणून लिहून देतो. ही चिठ्ठी आरशाला लावा.

तुमचं हृदय अशक्त झालं आहे. त्याला पाणी पुढे ढकलणं जमत नाही, ते अंगात साठतं. लग्नाच्या जेवणानंतर जे वजन वाढलं त्यात चरबी थोडी आणि पाणी फार होतं. मीठ बंद. पाणी दिवसाला सहा पेले, मोजून. कोणी कितीही सांगितलं तरी जास्त नाही.

रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर उभं राहायचं. तबकडीवर चौऱ्याऐंशीला खूण करा. सुई खुणेला लागली की त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नाही. पाणी भरतं आहे हे तुम्हाला जाणवायच्या आधी काट्याला कळतं. तुमच्या बाबतीत मी त्याच्यावर विसंबून आहे.

पंधरा एप्रिलला तपासणीला या. गुडघ्यांचं कारण गिऱ्हाइकांना सांगा, भावाला खरं सांगा.

— डॉक्टर

१५ मार्च

प्रिय दादा,

गाडी रुळावर आली. आज सुई ब्याऐंशीवर आहे आणि मी तुला पत्र लिहिते आहे ते तोंडात टाचण्या धरून. हा माझा नवा शोध. खालून पावाचा वास आला की चार टाचण्या ओठांत धरायच्या आणि काज करायला बसायचं. टाचण्या तोंडात असताना कोणाची बिशाद आहे खायची.

तुझं सगळं ऐकते, फक्त पाण्याचं नाही. पाणी मी मोजूनच पिते. का ते विचारू नकोस, बायकांचं काहीतरी असतं असं समज.

तबकडीच्या काचेवर चौऱ्याऐंशीला मी लाल नेलपॉलिशने रेघ ओढली आहे. तिला शिवायचं नाही, असा पण केलाय. पण दादा, एक खरं सांगू? सुई जरा वर सरकली की माझा जीव गोळा होतो. परवा पाऊण किलो वाढलं तर सकाळभर रडले आणि दुपारी अर्धा केक खाल्ला. खाल्लं म्हणून सुई चढते, की सुई चढली म्हणून मी खाते, हेच मला कळेनासं झालंय. कधी वाटतं, बघूच नये. पण बघायला तर हवंच.

रविवारी ये. तुझ्यासाठी कोट बेतून ठेवलाय.

तुझी ठकू

२४ मार्च

ठकू,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. हत्यारांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात ठेवीन. माझे उस्ताद म्हणायचे, हातून एक खोटं काम झालं तर ते कुठेतरी खरं लिहून ठेवावं. चाळीस वर्षांत मला तशी वेळ आली नव्हती.

रविवारी तू चहा करायला आत गेलीस तेव्हा मी काटा उलटा केला. शिलाई मशीनच्या पायट्यामागे पावाच्या कडांनी भरलेली बशी दिसली. तू ती घाईने सरकवली असणार. मग काचेवरची रेघ पाहिली. तिच्या भोवती तुझ्या बोटांचे ठसे इतके, की काच धुरकट झालेली. आपली ठकू रोज सकाळी वाकून स्वतःला अशी छळते, हे मला बघवेना. काटा चढला म्हणून खायचं आणि खाल्लं म्हणून काटा चढायचा. हे चाक कोणीतरी कुठेतरी अडवायलाच हवं होतं.

मी अडवलं. तुझ्या मशीनच्या डब्यातली एक तुटकी सुई घेतली, तिचं टोक कापलं आणि तबकडीमागे त्र्याऐंशीपाशी खुंटीसारखं ठोकलं. त्र्याऐंशीच्या खाली काटा खरंच बोलेल. तू उतरलीस की तो उतरेल. पण वर जायची वेळ आली की सुई खुंटीला टेकून थांबेल. तुझ्या लाल रेघेपर्यंत ती कधीच पोचणार नाही. म्हणजे तू रडणार नाहीस, म्हणजे खाणार नाहीस, म्हणजे आपोआप खाली येशील. आलीस की खुंटी गुपचूप काढून टाकीन.

एका दुकानदाराने एकदा असलीच खुंटी मागितली होती. त्याला मी हाताला धरून दुकानाबाहेर काढलं होतं. आणि आता कुंपणच शेत खातंय.

मी स्वतः उभा राहून पाहिलं. माझे शहाण्णव किलो, आणि सुई त्र्याऐंशीला येऊन थांबली. आवाज नाही, थरथर नाही. काम म्हणून पाहिलं तर सुरेख झालंय. परत येताना बसमध्ये मात्र हात सारखे पुसत होतो.

दादा

२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझ्या हाताला यश आहे. तू तेलपाणी करून गेलास त्या दिवसापासून सुई एकदासुद्धा त्र्याऐंशीच्या वर गेलेली नाही. पहिल्या आठवड्यात साडेब्याऐंशी, ब्याऐंशी, पुन्हा साडेब्याऐंशी. आता तीन दिवस त्र्याऐंशी. पण तिथेच. रडू येत नाही, त्यामुळे केकही लागत नाही. बेकरीवाली विचारत होती, माझ्यावर रुसलात का म्हणून.

एक गंमत सांगायची राहिली. काटा आता बोलायला लागलाय. मी उभी राहिले की सुई सरसर येते आणि त्र्याऐंशीला टक् असा आवाज होतो, बोटाने नखावर मारावं तसा. पूर्वी होत नव्हता. तू तेल जास्त घातलंस का?

शाळेच्या गायनवर्गाचे चाळीस झगे आलेत शिवायला. महिनाभर मान वर करायला फुरसत नाही.

तुझी ठकू

७ एप्रिल

चि. ठकू,

छान चाललंय. म्हटलं नव्हतं, शून्यावर आणायचं आणि चालू करायचं?

आवाजाचं मनावर घेऊ नकोस. नवी स्प्रिंग बसताना कुरकुरते, जुन्या माणसासारखी. मला काही आवाज आला नव्हता, पण दगड फोडायच्या यंत्राशेजारी वीस वर्षं ट्रक तोलल्यावर मला तोफेचाही येणार नाही.

मात्र त्र्याऐंशीला थांबू नकोस. ब्याऐंशीला ये, एक्क्याऐंशीला ये. संध्याकाळचं जेवण हलकं कर. सुई खाली सरकली की मला लगेच कळव. मी वाट पाहतोय, तुला वाटतं त्याहून जास्त.

तुझा दादा

२० एप्रिल

प्रिय दादा,

त्र्याऐंशी. रोज त्र्याऐंशी. एक रेष इकडे नाही की तिकडे नाही. टक् तर आता मी दुसरा पाय ठेवायच्या आधीच होतं.

एका कबुलीजबाबासकट लिहिते. झगे पोचवले त्या दिवशी शाळेत खायला घातलं आणि मी पुन्हा घसरले. खारे दाणे, चीज, असलंच सगळं. दुसऱ्या दिवशी भीत भीत उभी राहिले, तर त्र्याऐंशीच. तेव्हा इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. म्हणजे घसरून पुन्हा उभं राहता येतं, एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. तुझंच म्हणणं खरं.

बाकी बारीकसारीक तक्रारी आहेत, वयाच्या. चाळीस झगे पायाने मशीन मारून शिवलेत, तर पाय सुजणारच. संध्याकाळी सपातांचे पट्टे लागत नाहीत आणि मोजे काढले की घोट्यावर त्यांचे वळ तसेच राहतात. कापडाचा कोंडा छातीत गेलाय, आडवं झालं की खोकला येतो. तीन उशा लावून बसल्यासारखीच झोपते. जिन्यात दोनदा टेकावं लागतं.

आणि गंमत बघ, काल स्वतःसाठी घागरा बेतायला कंबर मोजली, तर चार बोटं वाढलेली. पोटरी मोजली, तीही वाढलेली. दोनदा मोजली. मग आठवलं, टेप खिशात राहून गरम पाण्याच्या धुण्यात गेली होती. आटली असणार. नवी आणायला हवी. तीस वर्षं ज्या टेपवर जगले तिने म्हातारपणी दगा द्यावा ना. बरं झालं तुझा काटा आहे, नाहीतर मी घाबरले असते.

तुझी ठकू

२५ एप्रिल

चि. ठकू,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही कागद फाडले.

टेप आटते, मान्य. पण चार बोटं? खरं सांग, तू रोज खातेस का? खात असशील तर मी एक शब्द बोलणार नाही, शपथ. पण मला खरं कळू दे. दूर बसलेल्या माणसाला नुसत्या पत्रावरून कसं कळणार.

आणि एक कर. बेकरीत पिठाची पोती तोलायचा मोठा काटा आहे ना, त्याच्यावर एकदा उभी राहून बघ. सहज म्हणून. माझा काटा चांगलाच आहे, पण दोन काट्यांवर पडताळून बघायची आमच्या धंद्यात पद्धतच असते. आकडा काय येतो ते कळव.

नऊ मेला येतो. तुझ्या काट्याचं थोडं काम राहिलंय.

दादा

३० एप्रिल

प्रिय दादा,

कमाल आहे तुझी. तू चाळीस वर्षांचा कारागीर, आणि तुझा काटा सोडून मी पिठाच्या काट्यावर चढू? बेकरीवाली सगळ्या गल्लीत हसं करील. शिवाय खाली जायचं म्हणजे परत वर यायचं, आणि तो जिना आता मला डोळ्यांनीसुद्धा चढवत नाही. तीन दिवस मी वरच आहे.

तू एवढा काळजीत दिसतोस तेव्हा आता सांगूनच टाकते. सगळं ठीक चाललंय म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. गुडघ्यांचं खोटं होतं. माझं हृदय अशक्त आहे, गेल्या वर्षापासून. वहिनी त्याच दुखण्याने गेली आणि तू वर्षभर दुकान उघडलं नव्हतंस, ते मी पाहिलंय. पुन्हा तुला दवाखान्यातल्या त्या बाकावर बसवायचं नव्हतं, म्हणून लपवलं.

घाबरू नकोस, कारण डॉक्टरांनी मला एक पक्की खूण दिली आहे. हृदय थकलं की अंगात पाणी भरतं, आणि पाणी भरलं की आधी वजन चढतं. काचेवरची लाल रेघ माझी नाही, त्यांची आहे. सुई रेघेला लागली की त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, असं त्यांनी लिहून दिलंय. चिठ्ठी आरशाला लावली आहे, तू आलास तेव्हा तेवढी काढून ठेवली होती. रोज सकाळी आधी काटा बघते, मग चिठ्ठी. सुई कधी रेघेपर्यंत गेलेलीच नाही. म्हणूनच पंधराच्या तपासणीलाही गेले नाही. झगे द्यायचे होते, आणि म्हटलं, काही असतं तर तुझा काटा बोलला असता.

तेव्हा पायांची सूज ही शिलाईची आणि खोकला हा कोंड्याचा. फक्त कालपासून उशीला टेकूनही झोप येत नाही, खुर्चीत बसून काढते. नऊला ये. कोट तयार आहे.

तुझी ठकू

३ मे

ठकू,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. मी बसथांब्यावर आहे. गाडीला तासभर आहे, म्हणून लिहितो, कारण तुझ्यासमोर उभं राहून हे माझ्या तोंडून निघणार नाही. पोचलो की हा कागद तुझ्या हातात देईन.

काटा खोटा आहे. मी केला. त्र्याऐंशीला खुंटी आहे, तुझ्याच मशीनच्या सुईची. सुई त्याच्या पुढे जाऊच शकत नाही, तू शंभर किलोंची झालीस तरी. तुला ऐकू येतं ते टक् म्हणजे सुई खुंटीवर आपटते. मला ते ऐकू आलं नाही. जी रेघ तुला वाचवणार होती ती मला तुझी छळणूक वाटली, आणि मी सुईला नेमकी रेघेच्या अलीकडे अडवली.

फोन लावला. आज ट्रकच्या काट्यावर सुट्टी आहे, माझ्या वतीने फोन ऐकायला शेजारी कोणी नाही. कोणीतरी उचलला. मला नुसती गुणगुण आली. मी ओरडलो, काट्यावर विश्वास ठेवू नकोस, डॉक्टरांकडे जा. पुन्हा गुणगुण. ऐकू येत नाही म्हणून ठेवला आणि पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. ती तू होतीस का? काय म्हणत होतीस?

बाकी काही लिहायची माझी लायकी नाही. गाडी आली.

दादा

७ मे

प्रिय दादा,

तू चार दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहेस, हे मला सिस्टरने सांगितलं. तुझा कागदही तिनेच दिला. तुला आत येऊ देऊ नका, असं मीच सांगितलं होतं. एक तर तुझा राग होता. दुसरं म्हणजे मोठ्याने बोलल्याशिवाय तुला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलायला माझ्याकडे दम नाही. म्हणून हे लिहिते, थांबत थांबत. अक्षर सांभाळून घे.

तुझा कागद मिळायच्या आधीच मला कळलं होतं. तू पिठाच्या काट्याचं लिहिलंस ते डोक्यातून जाईना. उगाच पडताळणी सांगणारा तू नव्हेस. तीन तारखेला दुपारी मी उभी राहिले, टक्, त्र्याऐंशी. मग सात किलोंची लोखंडी इस्त्री छातीशी धरून उभी राहिले. टक्, त्र्याऐंशी. मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने काच काढली, तबकडी सोडवली आणि मागे पाहिलं. सोळा नंबरची सुई. माझ्या डब्यातली मी ओळखणार नाही का?

मी जमिनीवरच बसले होते. डॉक्टरांना फोन करायला सरकत सरकत पोचले, तर फोन वाजत होता. मी तुला म्हटलं, मला कळलंय, फोन ठेव, मला गाडी बोलवायची आहे. तीनदा म्हटलं. तू ओरडलास, ऐकू येत नाही. ठेवलास. मी नंबर फिरवायला हात लावला की पुन्हा तुझी घंटा. अकरा वेळा, दादा. शेवटी त्या इस्त्रीने जमीन ठोकली. गल्लीत हसं करील म्हटलं होतं त्याच बेकरीवालीच्या डोक्यावर चुन्याचा सडा पडला आणि ती भांडायला वर आली. भांडायला आली म्हणून मी आहे.

इथल्या काट्याने ब्याण्णव दाखवलं. नऊ किलो पाणी होतं अंगात. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर त्यांना बोलवायचंही कारण उरलं नसतं. आता थोडं उतरलंय, पण हृदयाचं जे गेलं ते परत येणार नाही. पायाची मशीन बंद. ती वरची खोली बंद. आणि पाणी पुन्हा चढायला लागलं, तर पुढचं त्यांच्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

तू वाईट मनाने केलं नाहीस, हे मला माहीत आहे. त्याने राग कमी होत नाही. आकडा पाहून मी रडले असते, केक खाल्ला असता, पण आठवड्याभराने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या असत्या. मला ते जमत होतं. रडतखडत, पण जमत होतं. तेवढा विश्वास तू ठेवायचा होतास. आणि मी तुला माझं दुखणं सांगण्याएवढा तुझ्यावर ठेवायचा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

इथे रोज सकाळी सहाला मला दोघी धरून काट्यावर उभं करतात. उद्या तू ये. आकडा तू वाच, जो असेल तो, मोठ्याने. तू वाचल्यावर मी स्वतः वाकून बघणार आहे, त्याचा राग मानू नकोस. उतरला असेल तर उतरला म्हण. चढला असेल तर चढला म्हण. मग मी रडेन, आणि दुपारी तुझ्याकडे काहीतरी खारट खायला मागेन. देऊ नकोस, आणि रागावूही नकोस.

आणि परवा पुन्हा सहाला ये.

तुझी ठकू